तोश्तेमिर दारात उभा राहतो

माझ्या तोंडातून हसू निसटलं तेव्हा तोश्तेमिर आपली टोपी शोधत होता, आणि त्याचा मुलगा मेला होता. नाटकातला मुलगा. खऱ्या तोश्तेमिरला सगळ्या मुलीच, माझ्या अंगणातल्या तुतीखाली खेळून वाढलेल्या. पण नाटकात का होईना, मुलगा गेला होता आणि समोर बाप बसला होता, लाकडी बाजेवर, हातात चहाचा पियाला धरून. शेजारी आत आला, उभा राहिला, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तोश्तेमिरनं त्याच्याकडे पाहिलं, पियाला खाली ठेवला आणि त्याचे हात चाचपडायला लागले. उशीखाली गेले, गोधडीखाली गेले, अंगातल्या चापानाच्या, त्या रुईभरल्या अंगरख्याच्या, बाह्यांत गेले. बाहेर निघायचं तर उघड्या डोक्यानं कसं निघणार, म्हणून तो टोपी शोधत होता. आणि टोपी डोक्यावर होती. मी हसले. माझं हसणं लपण्यातलं नाही, रिकाम्या हौदात धोंडा टाकावा तसं घुमतं. माझ्यामागून माझी रांग हसली, मग मागच्या रांगा, मग वर गॅलरीत बसलेली कॉलेजातली पोरंसुद्धा. तोश्तेमिरचे हात उशीवर थांबले, उताणे. त्यानं वर पाहिलं नाही. मग एकेक बोट जुळवून त्यानं हात उचलले, डोक्याला लावले, टोपी सापडली, आणि त्याचं पुढचं वाक्य कुणालाही ऐकू आलं नाही.

आता बाहेरच्या कुणाला वाटेल, एक म्हातारी हसली तर अख्खं नाट्यगृह कशाला हसेल. त्यांनी आमच्या कोकंदचं एखादं लग्न पाहावं. बायकांच्या बाजूला पुलावाचं ताट आलं की थोरली हात घालीपर्यंत कुणी हात घालत नाही, थोरली उठली की सगळ्या उठतात, आणि नकल्या येऊन उभा राहिला की तो आधी थोरलीकडे पाहतो. ती हसली की समजायचं, चालू दे. आमच्या मोहल्ल्यात ती थोरली मी, खोसियत. नवरा गेल्यापासून आणि त्याआधीपासूनही. मी चार बुकं शिकलेली बाई, पण माझ्या भुवईवर गल्लीतल्या किती लग्नांचा रंग चढला नि उतरला त्याला गणती नाही. आणि नकल्या म्हणजे तोश्तेमिर. दुसऱ्याला बोलावणं म्हणजे घरात पाहुण्यांना शिळी नान वाढणं. गेली कितीतरी वर्षं तो माझ्याचकडे बघून नकला करत आलाय. टोपीचा खेळ तर त्याचा सगळ्यांत गाजलेला: नवऱ्या मुलाचा बाप होऊन यायचं, व्याही दारात आले म्हणून घाबरायचं, आणि डोक्यावरची टोपी घरभर शोधायची, बायकोच्या सलवारीतसुद्धा. टीव्हीवर दाखवतात. पोरं शाळेत करतात. तेव्हा रविवारी मोहल्ला समितीनं आम्हा बायकांना बसमध्ये घालून दुपारच्या खेळाला आणलं, तोश्तेमिर आता मोठ्या थिएटरात मोठं नाटक करतोय म्हणून, तेव्हा आम्ही काय समजून आलो असू? समितीच्या माणसानं सांगितलं होतं की गंभीर आहे. मुकद्दस, माझी शेजारीण, बसमध्ये म्हणाली, "तोश-अका गंभीर? मग माझं मांजर इमाम." सगळी बस हसली. मीही.

पडदा पडेपर्यंत मी अंग आखडून बसले. थंडीत जेवताना मेंढीची चरबी टाळ्याला गोठून चिकटते, जीभ फिरवावी तरी निघत नाही, तसं ते हसू तोंडात बसलं होतं. मनाशी भांडत होते. मी म्हणत होते, चूक त्याची आहे. कशाला घातला तो खेळ इथं? आयुष्यभर आम्हाला त्याच हातांनी हसवलंस, आता तेच हात काढून म्हणतोस, रडा. मी काय नळ आहे, तू फिरवशील तसं वाहायला? पुढं नाटकात बरंच काही झालं, सून आली, मयत ज्यातून येणार त्या पत्र्याच्या पेटीचं बोलणं झालं, रशियाहून विमान कधी येणार ते झालं. आणि दर वेळी तोश्तेमिर तोंड उघडायचा अवकाश, मागच्या अंधारात कुणीतरी फिसकन हसायचं. दार एकदा उघडलं की वारा येतोच. मी मान वळवून बघितलं तर अंधारात नुसते दात. सोनेरी दात, पांढरे दात, आनंदानं चमकणारे. माझ्या बायका. त्यांना वाटत होतं, छान चाललंय. मी हसून त्यांना सांगितलं होतं ना तसं.

मध्यंतरात दिवे लागले आणि मुकद्दसनं पिशवीतून सूर्यफुलाच्या बिया काढल्या. "बुवी, पोट दुखायला लागलं," ती म्हणाली. थोरली म्हणून बायका मला बुवी म्हणतात. "उशीखाली टोपी शोधतो मेला. त्याच्या मुलाचं काय झालं म्हणे?"

"मेला," मी म्हणाले.

"खरंच?" तिनं बी फोडली. "मग पुढं मजा येणार. मयतीला कोण कोण येतंय बघू."

माझी धाकटी सून दिलफुजा माझ्या पलीकडे बसली होती. ती शाळेत शिकवते, म्हणून तिचा चेहरा नेहमीच जरा पिळलेल्या कपड्यासारखा असतो, पण आज तो जास्तच पिळला होता. ती म्हणाली, "ओयी, मला वाटतं ते विनोदी नव्हतं."

"तुला वाटतं ते तू वर्गात सांग," मी म्हणाले आणि उठले. मला पाय मोकळे करायचे होते. खरं म्हणजे मला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं.

बाहेरच्या लांब पडवीत तापलेल्या नळ्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. बाजूच्या जिन्यापाशी, जिथून नटमंडळी वर जातात, तिथं झुमराद उभी होती, तोश्तेमिरची बायको. हातात थर्मास. माझ्या डोळ्यांसमोर सून म्हणून आमच्या गल्लीत आली, कंबर दुखेपर्यंत मला वाकून सलाम करायची. आज तिनं सलाम केला, पण वाकली नाही.

"कसा आहे तो?" मी विचारलं.

"बसलाय. तोंड भिंतीकडे करून." मग ती म्हणाली, "दिग्दर्शक म्हणतो, दारातला प्रवेश गाळू. दुसऱ्या अंकाचा तोच तर जीव आहे, आपा. बाप दारात उभा राहतो, कमरेला पटका बांधून, काठी टेकून, आणि लोक समाचाराला येतात. दिग्दर्शक म्हणतो, आजचे प्रेक्षक असे आहेत, त्यात हसले तर नाटक गेलं आणि उद्यापासून तोश्तेमिरला या थिएटरात कुणी गंभीर काम देणार नाही. लग्नंच कर म्हणतील."

"मग गाळू दे."

"तो नाही म्हणतो. म्हणतो, मी उभा राहणार." झुमरादनं थर्मासचं झाकण घट्ट केलं, ते आधीच घट्ट होतं. "पहिलं हसू कुणाचं होतं ते त्याला कळलं, आपा. तुमचं हसू तो झोपेतसुद्धा ओळखेल."

मी काय म्हणाले असेन? माझ्या वयाच्या बाईनं, जिनं तिच्या लेकींचं बाळंतपण केलं, जिच्या हातचं खाल्ल्याशिवाय त्या घरात सण उगवत नसे, तिनं त्या जिन्यापाशी खाली बघून दोन शब्द बोलायचे होते. दोनच. ते तोंडापर्यंत आले, मला त्यांची चव कळली. आणि मी म्हणाले, "ते हसू नव्हतं. खोकला होता मला."

झुमरादनं माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाईला खोटी पाडण्याची रीत आमच्यात नाही. ती म्हणाली, "बरं, आपा. बडीशेपेचं पाणी घ्या मग," आणि जिना चढून गेली.

परत येऊन बसले. बिया फोडल्याचा आवाज चारी बाजूंनी येत होता, जसा भाद्रपदात रेशमाच्या किड्यांनी पाला खाल्ल्याचा... नाही, किडे वसंतात खातात, माझं डोकं जाग्यावर नव्हतं. मला त्याची आई आठवत होती. तोश्तेमिरची आई गेली ती अशाच गारठ्यात, पहाटे. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून रांधप माझ्या अंगणात होतं. त्याच्या दारात तिघे भाऊ उभे राहिले, कमरेला पटके, हातात काठ्या, येणाऱ्याला पाहिलं की मोठ्यानं गळा काढायचा, "आई गं, माझी आई," जशी रीत आहे. लोक आले. पहिला आला आमच्या कोपऱ्यावरचा खाटीक, रडवेला चेहरा करून. त्यानं तोश्तेमिरला पाहिलं, तोश्तेमिर रडत होता, आणि खाटकाचे गाल हलायला लागले. तो भिंतीकडे वळला. त्याच्यामागचा वळला. माणसं आत जाताना तोंडावर बाही धरत होती आणि त्यांचे खांदे गदगदत होते, आणि ते रडणं नव्हतं. कारण टीव्हीवर तो ज्या आवाजात रडायचा त्याच आवाजात आईसाठी रडत होता. दुसरा आवाज माणूस कुठून आणणार? थोरल्या भावानं त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि त्याला मागच्या दारानं पाठवून दिलं. तो माझ्या अंगणात आला. बायका पुलावासाठी गाजरं चिरत होत्या. एकीनं सुरी दिली, तो बसून गाजरं चिरायला लागला. पटका सोडला नव्हता.

आणि तिथं, थोड्या वेळानं, मान वर न करता तो म्हणाला, "पहाटे आईचा श्वास थांबला नि मी टोपी शोधायला लागलो. सगळ्यांना उठवायला पळायचं होतं ना. सगळं घर शोधलं. तिच्या उशीखालीसुद्धा हात घातला. आणि टोपी डोक्यावर." गाजर चिरणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी हसलं. मग सगळ्या हसलो, दुःखाच्या घरात हसू जास्त येतं. तोश्तेमिरनं सुरी थांबवली, आमच्याकडे पाहिलं. मग सुरी ठेवली, उठला, आणि तीच टोपी त्यानं पुन्हा शोधून दाखवली, जरा मोठी करून, हात जास्त उडवून. पटका घसरला तो सावरत. आम्ही डोक्यावरच्या रुमालाची टोकं तोंडात कोंबून हसलो. ते हसणं त्या पहाटेला कामी आलं होतं, असंच मी आजपर्यंत धरून होते. मी कित्येकींना सांगितलंय की हा खेळ माझ्या अंगणात जन्मला, आणि सांगताना माझी मान ताठ व्हायची. आता त्या अंधारात बसून मला सुरी थांबली तो क्षण दिसायला लागला, आणि तोच दिसत राहिला. त्यानं आम्हाला खेळ दाखवायला सुरुवात केलीच नव्हती. तो सांगत होता. समाचाराला आलेल्यांना माणूस सांगतो तसं, कसं झालं, कधी झालं. दारात कुणी ऐकून घेतलं नाही म्हणून गाजरांपाशी सांगत होता. आणि मग त्यानं पाहिलं की आम्हाला काय हवंय, आणि ते दिलं. नंतर कितीतरी वर्षं, लग्नागणिक, माझ्याकडे बघून दिलं.

पडदा वर गेला तेव्हा दार दिसलं. खरंखुरं लाकडी फाटक उभं केलं होतं, कोरीव, आमच्या गल्लीतल्यासारखं. त्याच्या पुढ्यात तोश्तेमिर उभा होता. काळा चापान, कमरेला पटका, काठीवर दोन्ही हात. पोट तेच, मिशा त्याच, ते बारीक डोळे तेच. त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं, आणि मला शेजारून काहीतरी हलल्यासारखं वाटलं. मुकद्दसनं माझ्याकडे पाहिलं होतं. मग तिच्या पलीकडच्या बाईनं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर रांगेतल्या माना एकेक करून वळत होत्या, माझ्याकडे, जशा लग्नात वळतात. बघत होत्या की बुवी काय करते. मी ओठ मिटून घेतले. चेहरा दगडाचा केला. माना परत वळल्या आणि रांग गप्प झाली, मागच्या रांगा गप्प झाल्या. किती चटकन. एका क्षणापुरतं मला हायसं वाटलं, सांभाळलं म्हणून. पण क्षणापुरतंच. हे गप्प बसणं माझं होतं. हसणं माझं होतं तसंच. तो बिचारा तिथं काठी टेकून उभा, आयुष्यात दुसऱ्यांदा दारात उभा, आणि या वेळी लोक गप्प होते ते का, तर खोसियतनं ओठ मिटले म्हणून. एखाद्या मास्तरणीनं छडी दाखवून पोरांना रडायला बसवावं तसं. तो जो काही करणार होता, ते या बायका माझ्या तोंडावर वाचणार होत्या, त्याच्या नव्हे. आणि मी तरी कुठं त्याला बघत होते? मी रांग बघत होते. मी पहिल्यापासून रांगच बघत आले.

पहिला पाहुणा फाटकाशी आला. तोश्तेमिरनं श्वास घेतला. मी उठले.

चूक कळली ती उठल्यावर. थोरली उठली की सगळ्या उठतात. मुकद्दस अर्धी उठली, तिच्या मांडीवरच्या बिया खाली सांडल्या, मागे खुर्च्या करकरल्या, दोघी-तिघी पिशव्या शोधायला लागल्या. तोश्तेमिरचा श्वास तसाच अडकला असेल. मी खाली वाकून दात-ओठ खाऊन म्हणाले, "बसा. सगळ्या बसा. खोकला आलाय मला."

"पाणी देऊ का, बुवी?"

"तू बस, आणि समोर बघ. माझ्याकडे बघायचं नाही कुणी."

दिलफुजा माझा दंड धरायला लागली. मी तिचा हात सोडवला. "तू बघ," मी म्हणाले. "मला मग सांग." का कोण जाणे, तिनं माझा हात एकदा दाबला आणि बसली. अंधारातून भिंतीला धरून मी मागं गेले, पाठ रंगमंचाकडे. मागं वळून बघितलं असतं तर एकदा तरी दिसला असता. पण माझी मान वळली की किती माना वळतात ते मी आत्ताच पाहिलं होतं. दाराचा पडदा सारला, दार ढकललं, बाहेर आले आणि ते हळूच लोटून घेतलं.

पडवीत कुणी नव्हतं, कोट सांभाळणारी एक तातार म्हातारी तेवढी, लाकडी ओट्यामागं विणत बसलेली. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तब्येत बरी नाही का?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. दाराला कान लावायची गरज नव्हती, दार पातळ होतं.

आवाज आला. "बाळा रे." एवढंच. मग काठीचा ठोका. पुन्हा तेच, जरा खालच्या पट्टीत, जसं काही पहिल्यांदा नीट हाक गेली नाही. हा तोच आवाज होता, टीव्हीवरचा, लग्नातला, त्या पहाटेचा. एका केसाचाही फरक नव्हता. पण समोर पोट नव्हतं, मिशा नव्हत्या, बघायला काही नव्हतं, फक्त रंगवलेलं दार आणि त्यावर लोटताना उमटलेले माझ्याच नखांचे दोन पांढुरके ठसे. आणि मला कळलं, हा आवाज कधीच विनोदी नव्हता. आम्ही तो चेहऱ्यासकट विकत घेतला होता. आत कुणीतरी हसलं, गॅलरीतलं एखादं पोर असेल, एक छोटं हसू. आता जाईल रांगेतून रांगेत. मी थांबले. त्याला कुणी साथ दिली नाही. ते एकटंच पडलं आणि विरून गेलं. पाहुण्यांची पावलं आली, त्याची हाक आली, पुन्हा पावलं, पुन्हा हाक. मग एक बाई रडली. जाड, खरखरीत, नाक ओढत. मुकद्दस. नवऱ्याच्या मयतीत जिनं डोळ्याला पाणी लावून वेळ मारून नेली ती मुकद्दस, माझ्याकडे न बघता, कुणालाही न विचारता रडत होती. तिच्यामागून आणखी एक. मग कितीतरी.

मला रडू फुटत होतं. मला माझा आवाज ठाऊक आहे. हसण्याचा जसा, रडण्याचा त्याहून मोठा. मोहल्ल्यात कुठंही मयत झालं की पहिला गळा मी काढते आणि मग बाकीच्या. एकदा सुटला असता तर हे पातळ दार काय अडवणार होतं. आतल्या बायकांनी माना वळवल्या असत्या, "बुवी रडतेय," आणि मग त्या माझ्यामागून रडल्या असत्या, आणि ते रडणंही माझं झालं असतं. मी मनगट तोंडात धरलं. चावलं. नाकातून श्वास घेतला, सोडला. डोळे वाहत होते, त्यांना आवाज नसतो, त्यांना वाहू दिलं.

तातार म्हातारी एक स्टूल घेऊन आली. "बसा," ती म्हणाली. मी बसले नाही. तिनं दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुजबुजली, "आत तर जा. हाच प्रवेश बघायला लोक येतात म्हणे. संपेल ना."

मी मनगट तोंडातून काढलं नाही. दुसऱ्या हातानं तिला खूण केली, की हळू बोल.